गोळी सुरू झाल्यानंतरचे सहा महिने

औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे परभणी-हिंगोली रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस इथे हळद, सोयाबीन, कापूस घेऊन येतो आणि परतताना खत, बियाणे, फवारणीचे औषध, किराणा आणि घरातल्या आजाऱ्याच्या गोळ्या नेतो. त्या गोळ्या बीपीच्या असतात, साखरेच्या असतात, आणि दर गावातल्या काही घरांसाठी फिटच्याही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतातली संख्या एक कोटीच्या आसपास किंवा थोडी अधिक मानली जाते. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात निदान पंचवीस-तीस माणसे. एखाद्याला आकडी आलेली पाहिली नाही असा माणूस आपल्या भागात सापडणे कठीण आहे.

या रुग्णांना सगळे एकच प्रश्न विचारतात. डॉक्टर विचारतात, शेजारी विचारतात, पाहुणे विचारतात: 'मधे फिट आली होती का?' उत्तर 'नाही' आले की सगळ्यांचे समाधान होते. प्रश्न बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. अपस्मार असलेल्या माणसाने आत्महत्या करण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे तिप्पट असतो. फिटच्या रुग्णाच्या आईबापाला, नवऱ्याला, बायकोला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी, घाबरवण्यासाठी नव्हे, तर हा धोका कधी वाढतो ते बऱ्याच अंशी आधी सांगता येते म्हणून. आणि तेवढे कळले तर घरात आणि दवाखान्यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी पुरावा. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आरोग्याची नोंद एका क्रमांकाखाली राहते, त्यामुळे असे प्रश्न तिथे नेमकेपणाने तपासता येतात. याकोब क्रिस्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ ते १९९७ या काळातल्या २१,१६९ आत्महत्यांच्या नोंदी तपासल्या आणि २००७ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. अपस्मार असणाऱ्यांत धोका तिप्पट होता. ज्यांना कोणताही मानसिक आजार नव्हता अशांपुरते पाहिले, उत्पन्न आणि वैवाहिक स्थिती यांचा हिशेब लावला, तरी तो दुप्पट राहिलाच. याहून महत्त्वाची गोष्ट काळाची होती. निदान झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत धोका पाचपटीहून जास्त होता. ज्यांना अपस्माराबरोबर मानसिक आजारही होता त्यांच्यात याच सहा महिन्यांत तो एकोणतीस पटींपर्यंत गेला.

हे आकडे वाचताना एक भान ठेवावे. आत्महत्या ही एकूण लोकसंख्येत विरळ घटना आहे; विरळ गोष्ट तिप्पट झाली तरी ती विरळच राहते. अपस्मार असलेल्या बहुसंख्य माणसांच्या बाबतीत असे काहीही घडत नाही. ती शेती करतात, संसार करतात, नातवंडे खेळवतात. डेन्मार्कचा आकडा हिंगोली जिल्ह्याला जसाच्या तसा लावताही येणार नाही. पण निदानानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत नाजूक का असावेत, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजायला डेन्मार्कला जाण्याची गरज नाही.

एकविसाव्या-बाविसाव्या वर्षाचा मुलगा घ्या. आपल्या भागात त्या वयाची पोरे पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती हेच घर वर येण्याचे एक दार असते. फिटचे निदान झाले की ते दार बंद होते. मग मोटारसायकल जाते. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी थेट प्रश्न आहे आणि खरे उत्तर दिले तर परवाना मिळत नाही. आणि मोटारसायकलशिवाय खेड्यातल्या तरुणाला बाजारालासुद्धा कोणाच्या तरी मागे बसून जावे लागते. ट्रॅक्टर चालवायचा नाही, विहिरीत उतरायचे नाही, शेततळ्यावर एकटे जायचे नाही, मळणीयंत्राजवळ थांबायचे नाही. यातला प्रत्येक नियम वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे. पण सगळे नियम एका आठवड्यात, एका माणसावर, तोही चार लोकांदेखत, लादले जातात. काल जो घरचा कर्ता व्हायचा होता तो आज घरात 'सांभाळायचा' झाला. लग्नाचे बोलणे थांबते. मित्र आधीसारखे रानात नेत नाहीत, कारण वाटेत पडला तर काय, ही भीती त्यांनाही असते. चूक कोणाचीच नसते आणि तरी तो मुलगा दर दिवसागणिक एकटा पडत जातो.

घरचे या काळात काय पाहतात? तो गोळी घेतो, फिट थांबली, म्हणजे सुधारणा आहे. तो गप्प झाला आहे हे त्यांना दिसते, पण 'गोळीनं सुस्ती येते' एवढ्यावर ते सोडून दिले जाते. गोळीने सुस्ती येतेही. म्हणूनच नैराश्य तिच्या आड सहज लपते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फिटच्या रुग्णाचे नैराश्य म्हणजे केवळ परिस्थितीचे दुःख नव्हे. परिस्थिती कारण आहेच, पण मेंदूच्या ज्या भागांत भावना आणि स्मृती यांचे काम चालते, त्याच भागांत अनेकांच्या आकडीचेही मूळ असते, विशेषतः कानशिलाच्या आतल्या बाजूच्या टेम्पोरल खंडात. दोन्ही आजारांचा संबंध दुहेरी आहे. डेल हेसडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी आइसलँडमध्ये केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना आधी तीव्र नैराश्य येऊन गेले होते किंवा ज्यांनी आधी जीव देण्याचा प्रयत्न केला होता, त्यांना पुढे पहिली आकडी येण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे फिट आली म्हणून मन खचले, एवढा सरळ क्रम नेहमी नसतो. कधी एकाच बिघाडाची ही दोन तोंडे असतात. अपस्मार असलेल्या माणसांपैकी साधारण चौघांत एकाला नैराश्य असते असे अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. चौघांत एकाला जो त्रास होतो तो अपवाद म्हणून सोडता येत नाही. त्याची तपासणी फिटच्या उपचाराचाच भाग असायला हवी.

धोक्याचे काही काळ तर ठळकपणे सांगता येतात. एक, निदानानंतरचे महिने. दोन, मोठी फिट किंवा लागोपाठ फिट येऊन गेल्यानंतरचे तास आणि दिवस. काही रुग्णांना आकडीनंतर अचानक गडद निराशा येते, जगण्याची इच्छा उडाल्यासारखे वाटते, आणि एक-दोन दिवसांत ते ओसरते. अनेक फिट सलग येऊन गेल्यावर माणूस आधी शुद्धीवर येतो, नीट बोलतो, जेवतो, आणि मग दोन-तीन दिवसांनी त्याला भास होऊ लागतात, संशय येऊ लागतो, तो अस्वस्थ होतो. वैद्यकशास्त्राला ही अवस्था चांगली माहीत आहे आणि तिच्यावर औषध आहे. गावात मात्र याच टप्प्यावर 'बाहेरचे लागले' असे ठरते आणि गाडी दवाखान्याऐवजी दुसरीकडे वळते. देवाला जाण्याला माझा आक्षेप नाही. औंढ्याच्या नागनाथाला, नर्सीला नामदेवांच्या पायाशी जाऊन आईच्या मनाला बळ येत असेल तर तिने जरूर जावे. आक्षेप त्या माणसाला आहे जो अंगारा देताना 'आता गोळ्या बंद करा' असे सांगतो. गोळी अचानक बंद झाली तर फिटमागून फिट येऊन रुग्ण दगावू शकतो. अशा सल्ल्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, पण कायद्याच्या आधी घरातल्या एका शहाण्या माणसाने 'गोळी चालूच राहील' एवढे म्हटले तरी काम होते.

तिसरा काळ म्हणजे औषध बदलण्याचा. याविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण इथे अज्ञान आणि अर्धवट ज्ञान दोन्ही घातक आहेत.

३१ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा दिला. अपस्मारावर वापरल्या जाणाऱ्या ११ औषधांच्या १९९ चाचण्यांची एकत्रित तपासणी केल्यावर, औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन हे खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट दिसले होते. दुप्पट, पण कशाच्या? खोटी गोळी घेणाऱ्यांत हजारी दोन, औषध घेणाऱ्यांत हजारी चार. त्यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. २०१० साली ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अपस्मारासाठी ही औषधे घेणाऱ्यांमध्ये धोका वाढल्याचे दिसले नाही. सगळी औषधे सारखी नसतात, हेही पुढे स्पष्ट होत गेले. सोडियम व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजीन, कार्बामाझेपीन यांचा तर मन स्थिर ठेवण्यासाठी मानसोपचारातही उपयोग होतो. याउलट फेनोबार्बिटोन, टोपिरामेट, पेरॅम्पॅनेल आणि लेव्हेटिरासिटम यांनी काही रुग्णांमध्ये उदासी, चिडचिड किंवा राग वाढतो.

यातले लेव्हेटिरासिटम आज आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर दिले जाते. त्याला कारणेही चांगली आहेत: ते लवकर लागू पडते, यकृतावर ताण देत नाही, इतर औषधांशी फारसे भांडत नाही, गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रीसाठी व्हॅल्प्रोएटपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. बहुतेकांना त्याचा मनावर काहीच त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो ओळखू येण्यासारखा असतो. शांत मुलगा ताट भिरकावतो. सून एकाएकी रडते, उलट बोलते. ही वागणूक घरात आजार म्हणून पाहिली जात नाही. उद्धटपणा, नखरा म्हणून पाहिली जाते आणि त्यावर बोलणी बसतात. म्हणजे गोळीने आलेल्या रागाची शिक्षा माणसाला मिळते, आणि तो माणूस आधीच खचलेला असतो. गोळी सुरू करताना डॉक्टरांनी दोन वाक्ये बोलली की पुढचे टळू शकते: 'या गोळीनं पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, उदासी वाटू शकते. तसं झालं तर गोळी बंद करू नका, मला येऊन सांगा.' डोस कमी करता येतो, हळूहळू दुसरे औषध लावता येते. पण गर्दीच्या ओपीडीत ही दोन वाक्ये राहून जातात.

इथे वाचकाला कळकळीने सांगतो. वरचा परिच्छेद वाचून कोणाच्या घरातली गोळी बंद होता कामा नये. बंद केलेल्या गोळीमुळे होणारे मृत्यू हे गोळीच्या त्रासापेक्षा फार मोठे संकट आहे. बदल करायचा तो डॉक्टरनेच, आणि टप्प्याटप्प्याने.

आपल्या भागात आणखी एक गट आहे, ज्याच्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही. नांदेडला, लातूरला क्लासेससाठी खोली करून राहणारी सोळा-सतरा वर्षांची मुले. किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार आहे, ज्यात सकाळी उठल्यावर हातांना झटके बसतात. चहाचा कप, ब्रश हातातून पडतो. मूल वेंधळे आहे म्हणून ते हसण्यावारी जाते. मग एखाद्या परीक्षेच्या आधी रात्रभर जागरण होते आणि सकाळी मोठी फिट येते. या प्रकारात अपुरी झोप हे सर्वांत मोठे निमित्त असते. आता त्या मुलाला सांगितले जाते: रात्री जागायचे नाही, गोळी चुकवायची नाही, कदाचित आयुष्यभर. त्याच वेळी बापाने क्लासच्या फीसाठी काढलेले कर्ज त्याला माहीत असते. त्यात गोळीने चिडचिड वाढली, लक्ष लागेना, गुण घसरले, तर त्या मुलाच्या डोक्यात काय चालते ते विचारणारे खोलीवर कोणी नसते. मुलाला फिट आली तर पालकांनी पहिले काही महिने त्याला घरी आणावे किंवा आईबापांपैकी एकाने तिथे राहावे. वर्ष वाया गेले तरी चालेल, असे त्याला तोंडाने, स्पष्ट, एकापेक्षा जास्त वेळा सांगावे.

झोपेचा प्रश्न शेतातही आहे. रात्रीच्या पाळीत वीज आली की पाणी द्यायला रात्रीच उठावे लागते. हळद शिजवण्याच्या दिवसांत रात्रपाळ्या होतात. फिट असलेल्या माणसाला घरच्यांनी रात्रीच्या पाण्यातून सूट द्यावी, हा आरोग्याचा सल्ला आहे. त्याला आळशी म्हणू नये.

मुलींचे दुःख वेगळ्या जातीचे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला विवाहाच्या अपात्रतेत स्थान होते. डॉक्टर आणि रुग्णसंघटनांनी त्याविरुद्ध बराच काळ प्रयत्न केला आणि १९९९ मध्ये संसदेने ती तरतूद काढून टाकली. त्याला पाव शतक उलटून गेले; सोयरिकीच्या बैठकीत मात्र जुनाच कायदा चालतो. म्हणून आजार लपवला जातो. लग्नानंतर मुलगी गोळ्या साडीच्या घडीत ठेवते, कोणी पाहील म्हणून दिवसच्या दिवस चुकवते, आणि फिट येते. मग 'फसवलं' म्हणून माहेरी धाडले जाते. माहेरीही भावजयीचे घर असते. फिट कधी येईल याची भीती, लपवल्याचा अपराधभाव आणि जायला जागा नसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका किती वाढतो हे मानसोपचारतज्ज्ञाने सांगायला नको. आपल्या भागात 'लग्न झालं की फिट जाते' हा सल्ला अजून दिला जातो. तो सल्ला देणाऱ्यांनी त्या मुलीचे पुढचे वर्ष पाहिलेले नसते.

या बाबतीत पुण्यात यशोदा वाकणकर यांनी उभ्या केलेल्या 'संवेदना' या गटाचे काम मला फार मोलाचे वाटते. अनिल अवचटांची ही कन्या स्वतः अनेक वर्षे या आजाराशी झुंजली, आणि अपस्मार असलेल्यांनी एकत्र बसून बोलावे, आजार न लपवता लग्ने जुळवावीत, असा प्रयत्न तिने केला. आजार सांगून झालेल्या लग्नात गोळी उघड्यावर असते, ही गोष्ट दिसायला लहान आहे, पण जीव वाचवणारी आहे. असा गट हिंगोलीत, परभणीत का असू नये? त्यासाठी इमारत लागत नाही. महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दहा-बारा घरे बसली तरी पुरते.

आता अशा गोष्टीकडे येतो जी लिहिताना काळजी घ्यावी लागते, पण टाळता येत नाही. जीव देण्याचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी काय आहे यावर बरेच ठरते. शेतकरी घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यानंतर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत निम्म्याहून खाली आले. लोकांची दुःखे कमी झाली नव्हती, विष हातापासून दूर गेले होते. म्हणून ज्या घरात फिटचा रुग्ण आहे, त्या घरात फवारणीचा डबा माजघरात, पलंगाखाली नको. कुलूप, आणि किल्ली दुसऱ्याकडे. लागेल तेवढेच आणावे, उरलेले साठवू नये. फिटच्या गोळ्यांचेही तेच. मन खचलेले दिसत असेल तर गोळ्या घरातल्या एका माणसाकडे ठेवाव्यात आणि त्याने रोजच्या रोज हातात द्याव्यात. यामुळे गोळी चुकतही नाही. डॉक्टरांनीही अशा वेळी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून देऊ नयेत.

या सगळ्याची मोजदाद आपल्याकडे होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कारणांत 'कौटुंबिक समस्या' पहिल्या आणि 'आजारपण' दुसऱ्या क्रमांकावर. आजारपणाच्या पोटात कर्करोग, अर्धांगवायू, मानसिक आजार असे रकाने आहेत, अपस्माराचा नाही. घरातून परत पाठवलेल्या मुलीचा मृत्यू कौटुंबिक समस्येत जातो, कर्ज असलेल्या तरुणाचा कर्जात, आणि दोघेही फिटच्या गोळीवर होते ही गोष्ट पंचनाम्याच्या कागदावर येतच नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी योजना होत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे अपंगत्व मानतो, त्या यादीतही अपस्माराचे नाव नाही.

तरीही यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही. उलट, मराठवाड्यात ती इतर अनेक भागांपेक्षा जास्त आहे. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन निराशेची लक्षणे विचारावीत, गरज दिसली तर वरच्या दवाखान्यात पाठवावे, अशी त्याची रचना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर लांबच्या डॉक्टरांशी बोलता येते. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. माणसे आहेत, कागद आहेत, फोन आहेत. फिटच्या रुग्णाचे नाव एका वहीत आणि निराशेच्या तपासणीचे दुसऱ्या वहीत, एवढेच अंतर मिटवायचे आहे. आशाताईंना गावातली फिटची घरे माहीत असतात. त्या घरी निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला जाण्याचे काम त्यांना द्यावे, आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. फुकटची आणखी एक जबाबदारी त्यांच्या डोक्यावर टाकू नये.

विचारायचे काय, तेही नव्याने शोधायला नको. अपस्मार असलेल्या माणसांसाठीच फ्रँक गिलियम आणि सहकाऱ्यांनी २००६ साली सहा विधानांची एक छोटी चाचणी तयार केली. ती भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. गोळीच्या सुस्तीमुळे गोंधळ होऊ नये म्हणून झोप, भूक, थकवा यांचे प्रश्न तिच्यात मुद्दाम ठेवलेले नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत सगळेच ओझे वाटते का, स्वतःला दोष देत राहता का, कशातच मन रमत नाही का, आणि आपण मेलेले बरे असे वाटते का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न विचारायला सगळे कचरतात. विचारल्याने नसता विचार डोक्यात येईल, ही भीती डॉक्टरांनाही वाटते. अभ्यास उलटे सांगतात: विचारल्याने विचार पेरला जात नाही, बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचे हलकेपण वाटते.

आणि उत्तर 'हो' आले तर उपचार आहे. 'फिटच्या पेशंटला मानसिक गोळ्या चालत नाहीत' हा समज काही डॉक्टरांतही आहे. नैराश्यावर आज सर्रास वापरली जाणारी औषधे नेहमीच्या मात्रेत अपस्मार असलेल्यांना बहुतांशी सुरक्षित असतात. टाळायची अशी मोजकी दोन-चार आहेत आणि ती मानसोपचारतज्ज्ञांना ठाऊक असतात. जीव देण्याचा प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने रुग्णाला घरात ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा करणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. त्याच्यावर उपचार करणे, त्याला आधार देणे हे २०१७ च्या कायद्याने शासनाचे कर्तव्य मानले आहे.

घरातल्या माणसाने हे असे विचारावे: रात्री जेवणे झाल्यावर, चार लोकांसमोर नव्हे, शेजारी बसून. 'फिट नाही आली, ते बरं आहे. पण तुझ्या जीवाला कसं वाटतंय? जगणं नको असं होतं का कधी?' उत्तर आले की उपदेश करू नये, 'आईबापाचा विचार कर' म्हणू नये, ऐकावे. त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नये, फवारणीची औषधे आणि गोळ्या दूर ठेवाव्यात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येते. फोन लावताना गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवावीत: कोणती गोळी, किती ताकदीची, कधी सुरू केली, अलीकडे बदलली का, आणि शेवटची फिट कोणत्या दिवशी आली. जीव धोक्यात आहे असे वाटले तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच दोन्ही गोष्टी सांगाव्यात, याला फिटचा आजार आहे आणि याने मरणाची गोष्ट काढली आहे.